पाचच डिग्री

मे महिन्यात बऱ्हाणपूरला अणुवीज प्रकल्पाची जनसुनावणी होती. तापीचं पाणी तपासून अहवाल मीच दिला होता, पण मोठ्या साहेबांनी मला मागच्या खुर्चीवर बसवलं आणि एसीचा रिमोट हातात दिला. "जयश्री, तू हे सांभाळ. बोलायचं मी बघतो."

खच्चून भरलेल्या हॉलमध्ये साहेबांनी माईकवर छातीठोक सांगितलं, की नदीत किरणोत्सर्ग अजिबात जाणार नाही.

दापोऱ्याचे भास्करभाऊ उठले. त्यांचं घर मासेमारीवर चालतं.

"किरणं नाही म्हंता, चांगलं हाय. पन मशीन थंडं करून जे गरम पानी नदीत सोडसाल, त्याच्यात मासोळी जगीन का?"

साहेब हसले. "अहो काका, पाणी पाचच डिग्री गरम होणार. पाच डिग्रीनं काय होतंय?"

काय होतं, ते मी अहवालात लिहिलं होतं. साहेबांनीच ते काढायला लावलं होतं.

मी रिमोट उचलला.

अर्ध्या तासात साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला. रुमालानं मान पुसून पुसून ते थकले आणि शेवटी माईकवरच ओरडले, "अरे, एसी किसने बंद किया? दरवाजा खोलो, दम घुट रहा है!"

मी सगळ्यांसमोर उभी राहिले.



"बंद नाही केला, साहेब. पाचच डिग्री वाढवलाय. आणि तुम्हाला उघडायला दरवाजा तरी आहे."