पान उलटायचं राहिलं

"थांबा," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही पान उलटलं नाहीत."

आईच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला आलेली विसावी बाई आत्ताच दार ओढून गेली होती. पुढचीला हाक मारायला उठलेली, संवाद वाचून दाखवणारी ती परत खाली बसली.

समोर फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीची फुली होती. येणारीनं त्या फुलीवर उभं राहून आईचे संवाद म्हणायचे आणि हिनं दिग्दर्शकाशेजारी बसून मुलीचे वाचायचे. तेही सपाट, बसची पाटी वाचावी तसे. वाचणारीनं अभिनय करायचा नाही, हा या कामातला पहिला नियम. पलीकडचे संवाद वाचते म्हणून तिचं नावच 'पलीकडची' पडलं होतं. बारा वर्षांत खरं नाव विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तिनं हातातल्या कागदांकडे पाहिलं. प्रवेश तीन पानांचा, आणि वर अजून पहिलंच पान. तिचे कान गरम झाले.

"वीस वेळा वाचल्यावर पोपटालाही पाठ होतं, सर."

"मुलीचं होईल. आईचं? मघाशी ती बाई अडली, तेव्हा तुम्ही कागदाकडे न बघता शब्द पुरवलात."

आईचं तर तिला सगळ्या नाटकातलं पाठ होतं. नऊ वर्षांनी मुलगी दारात येते आणि आई एवढंच विचारते, "जेवलीस का?" सकाळपासून वीसजणी त्या दोन शब्दांवर रडल्या होत्या. एकीनं तर भिंतीला टेकून हंबरडाच फोडला. अहो, रडायचं नसतंच तिथे! पोरगी कोपऱ्यावरून भाजी घेऊन आलीय, अशा आवाजात विचारायचं. तिला हे ठाऊक होतं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"फुलीवर उभ्या राहा," दिग्दर्शक म्हणाला. "मुलीचं मी वाचतो."

पाय आपसूक निघाले. रोज सकाळी ती फुली तीच चिकटवायची, पण तिच्यावर एकदाही उभी राहिली नव्हती. हो म्हणावंसं वाटलं. इतकं वाटलं, की रडूच यायचं बाकी राहिलं. फुलीच्या एक पाऊल अलीकडे ती थांबली.

"बाहेर अजून एक ताई आहेत, सर. दोन तास बाकावर बसल्यात."

"मग आधी त्यांचं ऐकतो, नंतर तुमचं. झालं?"

"नाही झालं. मी सकाळपासून तुमच्या शेजारी बसलेय. तुम्हाला काय आवडलं, कशाला नाक मुरडलंत, सगळं बघितलंय. बाकीच्या सगळ्या बिचाऱ्या दार उघडून थेट आत आल्या. ही कसली बरोबरी?"

"दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं," दिग्दर्शक वैतागला.

"असेल." तिनं दार उघडून हाक मारली आणि खुर्चीत येऊन बसली. कागद मांडीवर ठेवले.

आत आलेली बाई धांदरट होती. खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचीही विसरली. तशीच फुलीवर उभी राहिली. प्रवेश सुरू झाला. पहिलं पान संपता संपता तिनं समोर पाहिलं आणि अगदी सहज, पिशवी सावरत विचारलं, "जेवलीस का?"

दिग्दर्शकाचं पेन हवेतच राहिलं.

पलीकडचीला वाटलं, हे आपण ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. अगदी तसंच होतं. घरी भांडी घासताना ती स्वतःशी जसं म्हणायची, तसंच.

तिनं पान उलटलं. मुलीचं वाक्य अगदी वरच होतं. नियमाप्रमाणे तिनं ते बसच्या पाटीसारखं वाचलं.

"नाही, आई. केव्हाची थांबलेय."