गोधडी हातातच जाईल

“नहीं बैठेगा, बेन,” शेठ म्हणाला.

बॅग पत्र्याच्या खोक्यात अर्ध्यावर अडकली होती. चौटा बाजारातल्या या शेठने विमानवाल्यांच्या मापाचं खोकं बनवून घेऊन दुकानाच्या दारात ठेवलं होतं. त्यात बसली तर बॅग विमानात आपल्याजवळ ठेवता येते. नाही बसली तर बाकीच्या सामानात टाकावी लागते.

रिकामी असताना हीच बॅग खोक्यात अलगद उतरली होती. वत्सलाने गोधडी भरली आणि बॅगेचं पोट सुटलं.

“दुसरी दाखवा,” वत्सला म्हणाली.

राघो स्टुलावर टेकला. सकाळपासून तिसरं दुकान होतं. मस्कतला सून तारा दिवस मोजत बसली होती. तिला आई नव्हती, त्यामुळे बाळंतपणाला वत्सलाच जाणार होती. मुलाने, भूपेंद्रने, तिकीटही धाडलं होतं. पण वत्सलाने एकच धरून ठेवलं होतं. गोधडी हातातच जाईल तर मी जाईन, नाहीतर दुसरं कोणी बघा.

आता दुसरं कोण होतं?

“अवं, मोठी बॅग घे आणि सामानात टाक,” राघो म्हणाला.

“गजेंद्रची पेटी सामानातच टाकली होती ना? सापडली का अजून?”

डिंडोलीतल्या त्यांच्या शेजारच्या गजेंद्रची पेटी दुबईहून येताना हरवली, ती हरवलीच.

“मग गोधडी राहू दे. पोरगा फोनवर बोलला ना, तिकडे पांघरुणं मिळतात म्हणून.”

“बोलू दे त्याला. बाप होतोय, अजून अक्कल यायचीय.”

शेठ हसला. त्याने चाकांची निळी बॅग पुढे ओढली. “ये ले जाओ. खेंचते जाओ, हाथ नहीं दुखेगा.”

वत्सलाने बॅग उलटी केली. “चाकंच केवढी! खोक्यातली अर्धी जागा हीच खातील. बाहेरचा हा कप्पा कशाला? त्यात काय चणे भरायचे? बिनचाकाची द्या, साधी.”

“बेन, जाने वाले कितने?”

“आम्ही दोघी.”

“एकच तिकीट आहे,” राघो घाईने म्हणाला.

“तिला कुठे तिकीट लागतं?” वत्सला म्हणाली. तिचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात चांदीचा चौकोनी टाक होता. त्यावरची बाईची आकृती झिजून गुळगुळीत झाली होती.

शेठने टाकाकडे बघून हात जोडले. “माताजी साथ में है, फिर क्या टेन्शन! कौनसी माता?”

“आमच्या घरातली,” वत्सला म्हणाली. राघो बाहेरच्या रिक्षांकडे बघत राहिला.

साध्या कापडी बॅगेतही गोधडी कोंबून झाली. चेन लागेना. शेठने गोधडीचा कोपरा बोटात धरून पाहिला. जुन्या लुगड्यांचे थर होते. तीन कडा दाट टाक्यांनी पक्क्या केलेल्या, चौथी उघडीच. तिथे दोऱ्याचं टोक लोंबत होतं.

“ये तो पूरी सिली भी नहीं है,” तो म्हणाला. “इधर से खोल के एक परत निकाल दो. पतली हो जाएगी.” त्याने गल्ल्याजवळची कात्री उचलली.

वत्सलाने गोधडीवर दोन्ही हात ठेवले. पण तिच्याआधी राघोच बोलला.

“नको!”

एवढ्या जोरात की समोरच्या दुकानातली बाई वळून बघू लागली.

शेठने कात्री खाली ठेवली. “सॉरी काका.”

राघोला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. भूपेंद्र पोटात असताना ही गोधडी शिवायला घेतली होती. चौथी कड राहिली ती राहिलीच. वत्सलाने पुढे कधी ती शिवली नाही आणि राघोने कधी शीव म्हटलं नाही. दरवर्षी ती तिला ऊन द्यायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची.

तो स्टुलावरून उठला. “सरक.”

कापड मार्केटात साड्यांच्या घड्या घालण्यात त्याची हयात गेली होती. त्याने जमिनीवर कागद अंथरला, गोधडी पसरली. घडी घातली की गुडघा टेकवून आतली हवा काढायची, मग पुढची घडी. शेवटी चौथी उघडी कड त्याने आत, मध्यभागी घेतली आणि सुतळीने करकचून बांधलं.

गोधडी बॅगेत गेली. चेन लागली. शेठने बॅग खोक्यावर धरली. कापड पत्र्याला घासलं आणि बॅग तळाला जाऊन टेकली.

“बैठ गई!”

वत्सला हसली नाही. पदराने डोळे टिपत म्हणाली, “केवढी धूळ आहे तुमच्या दुकानात.”

निघायच्या दिवशी दुपारी राघो रिक्षा घेऊन आला. वत्सला बॅग उघडून बसली होती.

“अवं, आता कशाला उघडली? गाडी चुकेल.”

“व्हई जाई, नाही चुकत. एक राहिलंय.”

तिने गळ्यातला काळा दोरा सोडला. राघो दारातच थांबला. तो टाक तिने कधी अंघोळीलाही काढला नव्हता. ती लग्न होऊन या घरात आली त्या दिवशी राघोच्या आईने तो तिच्या गळ्यात बांधला होता. मग पाळण्यातला भूपेंद्र तिच्या मांडीवर देऊन म्हातारी म्हणाली होती, “गेलेल्या सवतीला गळ्यात सांभाळ, म्हणजे ती तुला सांभाळेल.”

वत्सलाने घडीच्या मधोमध हात घातला, लोंबणाऱ्या दोऱ्याचं टोक शोधलं आणि त्यात टाक ओवून गाठ मारली.

“चला, कलाबाई,” ती म्हणाली. “लेकाला पांघरायला तुम्ही राहिला नाहीत. नातवाला तरी तुमच्या हातानं पांघरा.”