ओली फरशी

बाकावर बसलेली मुलगी आपली धाकटी आहे, हे तिला आधी चपलांवरून कळलं. एका चपलेचा अंगठा तिनेच परवा काळ्या दोऱ्याने शिवून दिला होता. मग खांद्याचा तो बाक दिसला, ओढणीत लपवलेलं तोंड दिसलं. पोछ्याची काठी तिच्या हातात तशीच राहिली.

कॉलेजात जादा तास आहे म्हणून पोरगी सकाळी घरातून निघाली होती. आणि बसली होती दवाखान्याच्या मागच्या बोळात, कुटुंबनियोजनाच्या खोलीबाहेर. आईची ड्युटी दुपारची, हे पोरीला ठाऊक होतं. ती घरातून गेल्यावर दुसरी सफाईवाली येणार नाही असा निरोप आला आणि आईला सकाळीच यावं लागलं, हे ठाऊक नव्हतं.

खोलीच्या दारावर एक कागद होता: 'मुलींनीही यावे. सोबत कोणी नसले तरी चालेल.' नर्सबाईंनी सांगितलं म्हणून तो तिनेच खळ लावून चिकटवला होता. तेव्हा मुली म्हणजे दुसऱ्यांच्या मुली, असंच तिच्या डोक्यात होतं.

पोरीचं लग्न महिन्यावर आलेलं. आता जर हिला दिवस गेले असतील तर...

"अगं, तू आज सकाळची का?"

मागून नणंद येत होती. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला आलेली. हे स्थळ तिनेच आणलं होतं, तिच्या दिराच्या घरातलं.

"रांग काही हलत नाही. तिकडे बाकावर टेकते जरा," नणंद म्हणाली आणि बोळाकडे वळली.

तिने विचार केला नाही. पाय लागल्यासारखं केलं आणि भरलेली बादली आडवी झाली. फिनेलचं पाणी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरलं.

"थांबा वन्सं, पाय घसरेल."

"वेंधळी ती वेंधळीच." नणंद साडी सावरत मागे सरली. पण मान लांब करून बघतच राहिली. "ती कोण बसलीय गं? पाहिल्यासारखी वाटते."

बाकावरचे खांदे आक्रसले. पोरीने आईचा आवाज ओळखला होता.

"कोणाची कोण जाणे," ती म्हणाली.

दार उघडलं. "पुढे कोण आहे, या," एवढंच नर्सबाई म्हणाल्या. मुलगी भिंतीला घासत आत गेली आणि दार लागलं.

"लग्नाआधीच यायला लागल्या," नणंद म्हणाली. "आईबापांना पत्ताही नसेल."

"नसेल."

तेवढ्यात औषधाच्या खिडकीवर नणंदेचा नंबर पुकारला. ती गेली. इकडे हिचा पोछा त्याच त्या जागेवर फिरत राहिला. आत काय सांगत असतील? किती दिवस झाले म्हणत असतील? एकदा वाटलं, दार लोटून आत शिरावं. पोछा पिळून ती परत तिथंच पुसू लागली.

मुलगी बाहेर आली तशी तिने तिचं मनगट धरलं आणि तिला चादरींच्या खोलीत ओढलं. आतून कडी लावली.

"काय झालंय तुला?" तिने हळूच विचारलं.

"काही झालं नाही आई. होऊ नये म्हणून आले."

तिला कळायला वेळ लागला.

"तिकडचे म्हणतात, परीक्षेचं नंतर बघू, आधी पाळणा हलू दे." मुलगी खाली बघत बोलत होती. "मी त्यांना नाही म्हणणार कशी? आत्या ऐकेल का? बाबा ऐकतील?" मग अगदी हळू म्हणाली, "मला ताईसारखं नाही व्हायचं."

ती धुतलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. थोरलीला लग्नाच्या वर्षातच दिवस गेले होते. बाळंतपणाला नेली, ती परत आली नाही, बाळही नाही. तेव्हापासून घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं. धाकटीही नाही.

दाराबाहेर पावलं वाजली. दोघींनी श्वास रोखला. पावलं पुढे गेली.

"दाखव," ती म्हणाली.

मुलीने पुस्तकातून गोळ्यांचं पाकीट काढलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं, जड काही धरावं तसं.

"सासरी कुठं ठेवशील?"

"पुस्तकातच."

"पुस्तक कोणीही उघडतं. सुई-दोऱ्याच्या डब्यात ठेव, तळाशी. त्यात कोणी हात घालत नाही." पाकीट परत देताना तिने विचारलं, "संपल्या की?"

"इथंच यावं लागेल."

"तू नको येऊस. मी बाईंना विचारते, मला देतील का ते."

मुलीने तिच्याकडे पाहिलं. मागच्या दाराने, धुणं वाळत घातलेल्या दोऱ्यांखालून वाकून ती निघून गेली.

आई बोळात परतली तेव्हा नणंद गोळ्या पिशवीत टाकत होती.

"अशी पांढरीफटक का पडलीस? लग्नाची काळजी करतेस वाटतं." नणंदेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "चांगल्या घरात पडतेय पोर. वर्षभरात आजी होशील बघ."

रोजच्यासारखं 'हो' म्हणायचं होतं. तेवढंच म्हणायचं होतं.

"घाई काय आहे, वन्सं?"

पिशवीचा बंद बांधता बांधता नणंदेने मान वर केली.