एकोणचाळीसचं लेबल

"भाभीजी, घर में इंचीटेप होगा?" डॉक्टर निगमांनी विचारलं.

"था तो... कहीं रख दिया है. अब ढूँढना पड़ेगा," विनीता म्हणाली. टेप शिलाई मशिनच्या खणात होता, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

नरहरराव पलंगावर बसले होते. अंगावर शाल, गळ्याला मफलर. लखनौची थंडी त्या वर्षी जरा जास्तच होती. सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हाताची बोटं एकाएकी बधिर झाली आणि रेझर बेसिनमध्ये पडला. थोड्या वेळाने बोटं हलू लागली, तरी विनीताने शेजारच्या निगमांना बोलावून आणलं. गोळ्या चालू असूनही ब्लडप्रेशर खाली यायला तयार नव्हतं, हे पाहून डॉक्टर विचारात पडले होते.

"टेप का क्या करेंगे?" नरहररावांनी विचारलं.

"गर्दन नापूँगा. खर्राटे तो आपके दीवार के पार से सुनता हूँ," निगम हसले आणि लगेच गंभीर झाले. "गर्दन मोटी हो तो नींद में साँस रुकती है. फिर कितनी भी दवा खाइए, बी.पी. उतरता नहीं. और एक दिन लकवा मार जाता है. गर्दन मोटी निकली, तो जाँच के लिए आपको कल ही दिल्ली भेजूँगा."

"उसके लिए टेप क्यों? शर्ट पे गले का नंबर रहता है ना." नरहरराव बायकोकडे वळले. "अगं, कपाटातला एखादा शर्ट आण बघू."

विनीता कपाटापाशी गेली. कुठलाही शर्ट काढला असता तरी चाललं असतं, सगळ्यांवर नंबर एकच होता. काही वर्षांपूर्वी त्यांना चाळीसचा शर्ट लागला, तेव्हा नरहररावांनी भात सोडला, तूप सोडलं, आणि बोलणंही सोडलं. घरात सुतक आल्यासारखं झालं. पुढचा शर्ट आणला तेव्हा तिने जुन्याचं एकोणचाळीसचं लेबल उसवून त्याच्या कॉलरला लावून टाकलं. नवऱ्याचं मन राखायला बायका काय काय करतात, तिने चार टाके घातले. मग बेचाळीस आला, चव्वेचाळीस आला. हजरतगंजच्या बाजारातून शर्ट आणायचे तिनेच. नरहरराव रेल्वेत पुलांचे इंजिनिअर; गर्डरवरची केसाएवढी भेग त्यांना लांबून दिसे. अंगात मात्र बायको देईल ते घालायचे.

त्यांनी कॉलर उलटून डॉक्टरांसमोर धरली. "देखिए. बीच में एक बार चालीस हुआ था, बस. वरना शादी से यही नंबर है."

"उनतालीस," निगमांनी वाचलं. "फिर तो ठीक है. दिल्ली रहने दीजिए, गोली बढ़ा देते हैं."

नरहरराव खुशीत हसले. त्या हसण्याने विनीताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यात कुणाचं काय बिघडतंय, असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली होती. आता तिच्या चार टाक्यांवर भरवसा ठेवून एक शिकलेला डॉक्टर चिठ्ठी लिहून उठला होता. गप्प राहिलं तर घरातली शांतता राहत होती. पण सकाळचा तो रेझर पडल्याचा आवाज तिच्या कानातून जात नव्हता.

"रुकिए, डॉक्टर साहब."

तिने मशिनचा खण ओढला. शोधावं लागलं नाही, टेप वरच होता. तो डॉक्टरांच्या हातात देताना तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"शर्ट चव्वेचाळीस का है. वो नंबर मैंने लगाया है."

निगमांनी मफलर सोडला आणि गळ्याभोवती टेप फिरवून सेंटिमीटरचा आकडा पाहिला, त्रेचाळीस. "तैंतालीस," ते हलकेच म्हणाले. दिल्लीच्या आपल्या मित्राला फोन करतो, कपडे भरून ठेवा, एवढं सांगून ते घरी गेले.

दोघंच उरली. नरहरराव मांडीवरच्या शर्टाचं लेबल नखाने उचकटून बघत होते. टाके बारीक होते, जिथल्या तिथे. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"अहो, तुम्ही जेवणावरून उठायचात," ती म्हणाली. "मला ते बघवत नव्हतं."

"हो. उठायचो खरा."

मग त्यांनी शर्टाची घडी घातली आणि एखाद्या लहान मुलाने विचारावं तसं जपून विचारलं, "विनीता, डॉक्टरांनी सांगितल्यापासून मीठ कमी घालतेस ना? आमटी फार छान लागते गं."

विनीता टेप गुंडाळत होती. तो परत सुटला.

"आजपासून," ती म्हणाली.