चोरखिसा

माझी लेक मला अंगठाबहाद्दर समजते, तिथेच चुकली. बँकेतली नोकरी सोडून तिने फॅशनचं दुकान थाटलं, तेव्हा प्रत्येक झग्याला आतून चोरखिसा मीच शिवला. त्या खिशावरच दुकान चाललं. मग बाईसाहेबांनी कादंबरी लिहिली. मला नुसतं मुखपृष्ठ दाखवलं. मी अक्षराला अक्षर जोडत तीन महिन्यांत ती अख्खी वाचली. त्यात मुलीचा परीक्षेचा फॉर्म जपायला प्रेमळ बाप चोरखिसा शिवतो. माझ्या लेकीच्या खऱ्या बापाने तर तिचा बँकेच्या परीक्षेचा पहिला फॉर्म फाडून टाकला होता. दुसरा त्याच्यापासून लपवायला खिसा मी शिवला होता. जाब विचारला, तर म्हणते, "अगं आई, गोष्टच आहे ती! वाचकांना असाच बाप आवडतो." मी बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढून तिच्या टेबलावर ठेवलं. "ज्याच्यापासून तुझी परीक्षा लपवली, त्याच्याच हातात सुई दिलीस. आता बये, पुढचे खिसे त्याच्याकडूनच शिवून घे!"