सव्वा महिना

अर्धापुरात चांदबी नव्या लेकरांना न्हाऊ घालते. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून दिवसभराचं सगळं ती पायावरच्या लेकराला सांगते. सांगता सांगता उडणाऱ्या टाळूत तेल जिरवते, जन्मताना लांबुळकं झालेलं डोकं हाताने गोल करत नेते. सव्वा महिना भरला की तिचं काम संपतं, आणि लेकराची नजर माणसावर ठरायला लागते ती नेमकी तेव्हाच. तिच्या हाताखालून गेलेली पोरं आता मोटारसायकलवरून तिला हॉर्न वाजवून बाजूला करतात. ओळखत एकही नाही.

आज धम्मप्रियाच्या लेकीला न्हाऊ घालायचा शेवटचा दिवस होता. पाठीवर कोमट पाणी ओतून चांदबीने तिला उताणं केलं. पोर तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली आणि बोळकं पसरून हसली. झोपेतलं हसू नव्हतं ते.

चांदबीने तिला पुसून, दुपट्यात गुंडाळून आईच्या मांडीवर दिलं.

"बोल की तिच्यासंगं. तुझ्याकडंच बघून राहिली."

धम्मप्रिया वाकून बोलू लागली आणि थोड्याच वेळात तिचे डोळे भरून आले. "मावशी, हसली ओ. माझ्याकडं बघून हसली. पहिल्यांदाच."

"हाव? मला तर न्हाई बाई कधी हसली," चांदबी म्हणाली आणि ओले हात पदराला पुसत उठली.



गेली तीस वर्षं, सव्वा महिना भरला की ती प्रत्येक आईला हेच सांगत आली होती.