मंगळवारचं वादळ

संगिता औंढ्याहून जीपने तांड्यावर पोचली, तेव्हा आईला अग्नी देऊन दुसरा दिवस मावळत होता. दारातच चुलती जिवनबाईने तिला कवटाळलं.

"तुजा काय इलाज व्हता, पोरी? सूर्यावरच वादळ झालं. फोन लागंना. तुजा बा सगळ्यायला सांगून सांगून थकला."

संगिताने बापाकडे पाहिलं. किसनसिंगने मान फिरवली.

फोन लागला होता. सोमवारी सकाळीच, तिकडे राजस्थानातल्या वेधशाळेत, तिने आईची तब्येत ढासळल्याचं सांगणारा बापाचा आवाज ऐकला होता. "तुज्या याडीचं काही खरं न्हाई. निघ." पण सूर्यावरचा तो भलामोठा डाग कुठल्याही घटकेला फुटेल अशी लक्षणं होती. उद्या निघते, असं ती म्हणाली.

मंगळवारी दुपार कलताना स्फोट झाला. वर्णपटातली हायड्रोजनची काळी रेघ तिच्या डोळ्यांदेखत फाटली आणि निळ्या बाजूला सरकत गेली. तापलेला वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर फेकला जात होता; त्याच्याही पुढे धक्क्याची लाट धावत असणार. या एका रेघेसाठी तिने सहा वर्षं घातली होती. त्या तासाभरात तिला आईची आठवणसुद्धा झाली नाही. बुधवारी पहाटे आई गेली, तेव्हा संगिता अजून वाटेत, गाडीत होती.

बायका उठून गेल्यावर ती बापाजवळ बसली.

"बा, मी सगळ्यायला खरं सांगते. मीच आले न्हाई म्हनून."

"सांगू नको."

"काहून?"

"तुज्या याडीलाबी मी तेच सांगितलं. मंगळवारी सांजच्याला रेडिओवर बातमी आली, सूर्यावर वादळ झालं, संदेश बंद पडून राहिले म्हनून. ती सारखी इचारून राहिली व्हती, पोरगी काहून येईना. मी म्हनलं, फोनच लागून न्हाई राहिला. तिला पटलं."

"काय म्हनली?"

"म्हनली, पोरगी रोज त्या सूर्याकडंच बघत बसती. फोन लागला की आधी तेवढं इचारा, तिच्या डोळ्यायला काही झालं तर न्हाई ना."